तपासणीची तपासणी

मंडळी, आजचा विषय जरा कोरडा वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, विशेषतः घरच्या मंडळींनी. कारण हे मी मुख्यतः घरच्यांसाठीच लिहितो आहे.

आधी एक सांगून टाकतो. मी कला शाखेचा माणूस. मराठी माध्यमातून बी.ए. केलं आणि सगळी नोकरी इतिहास आणि मराठी शिकवण्यात गेली. विज्ञानाचा तास शेजारच्या वर्गात चालायचा, एवढाच काय तो विज्ञानाशी संबंध. तरी गेली तीन-चार वर्षं मी एका प्रश्नाच्या मागे लागलो आहे. माणसाला रोग आहे की नाही हे तपासणी सांगते. पण ती तपासणी बरोबर आहे की नाही, हे कोण सांगतं? आणि कशावरून?

हा प्रश्न मला का पडला ते पुढे येईलच. आधी थोडा इतिहास. (खोड आहे, जाणार नाही!)

आपल्याकडे प्लेगचा विषय निघाला की सगळ्यांना १८९७ सालचा रँड आठवतो. पुस्तकात धडाच आहे ना! पण त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात "हा साधा ताप नाही, हा गाठीचा प्लेग आहे" असं ठामपणे सांगणारा माणूस कोण, हे मी कधी शिकवलं नाही, कारण पुस्तकात नव्हतंच. ते होते गोव्याचे डॉक्टर आकासियो गॅब्रिएल व्हिएगस. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. मुंबई म्हणजे व्यापाराचं बंदर. तिथे प्लेग आहे म्हणणं म्हणजे बंदर बंद करायला सांगणं. एका डॉक्टरच्या शब्दावर सरकार कसं विश्वास ठेवणार? मग स्वतंत्र तज्ज्ञांची चार पथकं नेमून त्यांचं निदान पडताळून पाहिलं गेलं आणि ते खरं ठरलं. म्हणजे बघा, सव्वाशे वर्षांपूर्वीही निदान करणारा एक आणि त्या निदानाची तपासणी करणारे दुसरे, अशी व्यवस्था करावी लागली होती.

आता दुसरं उदाहरण, उलट्या बाजूचं. १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. मुंबईच्या गोदीतून जूनमध्ये तो पसरू लागला आणि वर्षअखेरपर्यंत हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. त्या वेळी डॉक्टर काय शोधत होते? एक जंतू. रिचर्ड फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये फ्लूच्या रुग्णांच्या कफात तो पाहिला होता आणि हाच फ्लूचं कारण, असं जगाने धरून चाललं होतं. १९१८ मध्ये काही रुग्णांत तो सापडायचा, काहींत नाही. सापडला नाही की लोक म्हणत, तपासणाऱ्याला जमलं नाही! प्रत्यक्षात तो जंतू फ्लूचं कारण नव्हताच. माणसातला फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये लंडनमध्ये वेगळा काढला गेला. म्हणजे साथीच्या ऐन भरात, जगातले उत्तम डॉक्टर, उत्तम सूक्ष्मदर्शक घेऊन, भलत्याच गोष्टीची तपासणी करत होते. तपासणी चोख असून उपयोग नाही, ती योग्य गोष्टीची असावी लागते, हा धडा त्यात आहे.

आता आजच्या काळात येऊ. आरटीपीसीआर हा शब्द २०२० मध्ये आमच्या कळमनुरीच्या भाजी बाजारातही ऐकू येऊ लागला. पण त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. मला जो समजला तो असा.

विषाणू म्हणजे काही मजकूर लिहिलेली एक चिठ्ठी समजा. नाकातल्या बोळ्यावर अशा चिठ्ठ्या इतक्या थोड्या असतात की थेट दिसणं अशक्य. मग त्या चिठ्ठीतलं एक ठरावीक वाक्य शोधायचं आणि त्याच्या प्रती काढायच्या. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. दहा वेळा दुप्पट केलं की १,०२४. वीस वेळा केलं की साडेदहा लाख. तीस वेळा केलं की १०७ कोटी! इतक्या प्रती झाल्या की यंत्राला त्यांची चमक दिसते. वाक्य मुळात नसेलच तर शून्याची कितीही दुप्पट केली तरी शून्यच.

ही युक्ती कॅरी म्युलिस या अमेरिकन माणसाने १९८३ मध्ये काढली आणि १९९३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, आपले हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या एका निबंधात याच कल्पनेचं बीज मांडलेलं होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं. असो.

किती वेळा दुप्पट केल्यावर चमक दिसली, तो आकडा म्हणजे सीटी. सीटी लहान म्हणजे विषाणू भरपूर, सीटी मोठा म्हणजे थोडा. त्या दिवसांत लोक एकमेकांना सीटी विचारत, जणू दहावीचे टक्के! पण १८ आणि ३४ या दोन सीटींत फरक सोळाचा नाही. सोळा वेळा दुप्पट, म्हणजे पासष्ट हजार पटींहून जास्त. आपल्याकडे आयसीएमआरने ३५ ही मर्यादा ठरवली होती. ती २४ वर आणता येईल का, अशी विचारणा झाली तेव्हा परिषदेने नकार दिला. कारण सरळ आहे, तसं केलं तर खरे आजारी माणसंही निगेटिव्ह म्हणून घरी जातील.

आता पुण्याकडे जाऊ.

पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही. १९५२ मध्ये आयसीएमआर आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती स्थापन केली, तेव्हाचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर. १९७८ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. सामान्य मराठी माणसाला ही संस्था खऱ्या अर्थाने माहीत झाली ती २००९ च्या स्वाईन फ्लूमध्ये. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती जागतिक साथ असल्याचं जाहीर केलं. ३ ऑगस्टला पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, तो देशातला पहिला. दुसऱ्या दिवसापासून नायडू रुग्णालयासमोर ज्या रांगा लागल्या त्या टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिल्या. शाळा बंद झाल्या. सगळ्यांनाच तपासणी हवी होती आणि नमुने तपासणाऱ्या जागा मोजक्या.

तेव्हा सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले. साध्या सर्दी-तापाच्या माणसाला तपासणीची गरज नाही, घरी राहा. गंभीर असेल त्याचीच तपासणी. लोक चिडले. पण विचार केला तर त्यात एक शहाणपण होतं. ज्या उत्तराने उपचारात काही फरक पडणार नाही, तो प्रश्न विचारून प्रयोगशाळा बुजवून टाकायची कशाला? तपासणीची किंमत फक्त पैशांत नसते. माझा नमुना रांगेत पुढे गेला की दुसऱ्या कुणाचा तरी मागे जातो.

मग आलं २०२०. इथे थोडा थांबतो, कारण खरी गोष्ट इथे आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चीनमधून नव्या विषाणूचा जनुकीय मजकूर जगासमोर आला. बर्लिनच्या शॅरिटे रुग्णालयात ख्रिस्तियान ड्रोस्टेन आणि त्यांचे सहकारी बसलेच होते. १३ जानेवारीला त्यांची तपासणीची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्धही केली. गंमत अशी की तोवर त्यांच्या हातात तो विषाणू नव्हता! २००३ च्या सार्सच्या विषाणूशी तो जवळचा नातेवाईक आहे, म्हणून तो जुना विषाणू आणि प्रयोगशाळेत तयार केलेला कृत्रिम मजकूर वापरून त्यांनी पद्धत पारखली. चोर पाहिला नाही, पण त्याच्या भावाच्या चेहऱ्यावरून आणि लिहिलेल्या वर्णनावरून सापळा लावला. आणि तो चालला. ३० जानेवारीला केरळात भारतातली पहिली रुग्ण सापडली, तो नमुना तपासला गेला पुण्यात, एनआयव्हीमध्येच.

अमेरिकेचं मात्र उलटं झालं. तिथल्या सीडीसी या मोठ्या संस्थेने फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपले संच राज्याराज्यांत पाठवले. कोणतीही प्रयोगशाळा नवा संच आला की आधी काय करते? ज्यात काहीच नाही असं शुद्ध पाणी तपासून बघते. तर पाण्यातच विषाणू दिसायला लागला! तीन घटकांपैकी एक घटक बिघडलेला होता. दुरुस्त व्हायला महिनाअखेर उजाडला आणि तोवर साथ पुढे निघून गेली. जगातला सगळ्यात श्रीमंत देश, तिथे ही गत. पण मला त्यात एक चांगली गोष्टही दिसते. ते पाणी तपासायची शिस्त होती म्हणून चूक पकडली गेली. नाहीतर हजारो निरोगी माणसं पॉझिटिव्ह ठरून घरात कोंडली गेली असती.

हे वाचताना मला आमचं दहावीचं पेपर तपासणं आठवलं. माझे शिक्षक वाचक लगेच ओळखतील. परीक्षक पेपर तपासतो. त्याच्यावर नियामक असतो, म्हणजे आपला मॉडरेटर. तो परीक्षकाच्या गठ्ठ्यातले काही पेपर काढून पुन्हा तपासतो. परीक्षकाने सढळ हाताने गुण दिलेत का? एखाद्याचं बरोबर उत्तर चुकीचं ठरवलंय का? आणि त्या सगळ्यांच्या हातात एक आदर्श उत्तरपत्रिका असते, तिच्याशी पडताळून बघायचं.

तपासणी संचाचं मूल्यमापन म्हणजे अगदी हेच. प्रयोगशाळेकडे असे नमुने असतात ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं. हे इतके नक्की आजारी माणसांचे, हे इतके नक्की निरोगी माणसांचे. नवा संच त्यांच्यावर चालवायचा. आजाऱ्यांपैकी किती पकडले, ही एक परीक्षा. निरोग्यांपैकी किती जणांना निरोगीच म्हटलं, ही दुसरी. दोन्ही वेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवा. सगळ्यांनाच पॉझिटिव्ह म्हणणारा संच पहिल्या परीक्षेत शंभर टक्के मिळवील आणि दुसऱ्यात शून्य. सगळ्या मुलांना पास करणारे परीक्षक आम्ही पाहिले आहेत!

मार्च २०२० मध्ये भारताकडे बाहेरून आणलेले संच होते, महाग आणि अपुरे. खासगी प्रयोगशाळांसाठी सरकारने तपासणीला ४,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. पुण्याच्या मायलॅब या कंपनीने सहा आठवड्यांत स्वतःचा संच तयार केला. त्या कामाच्या प्रमुख मिनल दाखवे-भोसले तेव्हा गरोदर होत्या. १८ मार्चला संच मूल्यमापनासाठी एनआयव्हीकडे सोपवला आणि त्याच सुमारास त्यांना मुलगी झाली. ही बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचली, कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. पण त्या बातमीतली एक गोष्ट बहुतेकांनी नजरेआड केली. त्यांनी सांगितलं होतं की एकाच नमुन्याची दहा वेळा तपासणी केली तर दहाही वेळा तेच उत्तर यायला हवं, यावर त्यांचा भर होता. आज एक, उद्या दुसरं असं उत्तर देणारा संच कामाचा नाही. ही तिसरी परीक्षा.

आणि कौतुकाच्या त्या गर्दीत एनआयव्हीतल्या त्या लोकांचा फोटो कुठेच नव्हता, ज्यांनी हा संच आणि त्याच्याबरोबर इतर कंपन्यांचे संच घेऊन रात्रंदिवस माहीत असलेल्या नमुन्यांवर चालवून पाहिले. जे संच आजारी आणि निरोगी अशा दोन्ही नमुन्यांत शंभर टक्के जुळले, त्यांचीच शिफारस करायची असं आयसीएमआरने ठरवलं होतं. पहिल्या फेरीत त्यात दोनच बसले, एक जर्मनीच्या आल्टोना कंपनीचा आणि दुसरा आपला पुण्याचा. २३ मार्चला मायलॅबच्या संचाला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. दर नमुन्यामागे सुमारे १,२०० रुपये.

आता इथे शंभर टक्के या शब्दावर थोडं बोलायला हवं. गणिताच्या एका निवृत्त सरांनी मला हे समजावलं. समजा तीस आजारी नमुने दिले आणि संचाने तीसच्या तीस पकडले. म्हणजे तो कधीच चुकणार नाही असं होतं का? नाही. अशा वेळी तीनाला नमुन्यांच्या संख्येने भागायचं. तीन भागिले तीस, म्हणजे दहा टक्के. एवढ्या पुराव्यावरून छातीठोकपणे इतकंच म्हणता येतं की चूक बहुधा दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. तीनशे नमुने बरोबर आले तर एक टक्का. दोन घटक चाचण्यांत पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा हुशार असतोच, पण बोर्डात काय करील ते बोर्डच सांगणार. म्हणून तर मान्यता मिळाल्यावरही काम संपलं नाही. पुढे देशातल्या प्रयोगशाळा वाढत गेल्या, जून २०२० मध्ये हजाराचा आकडा ओलांडला, तेव्हा प्रत्येक प्रयोगशाळेने आपले काही तपासलेले नमुने दुसऱ्या नेमलेल्या प्रयोगशाळेकडे फेरतपासणीला पाठवायचे, अशी पद्धत घातली गेली. पुन्हा मॉडरेटर!

मूल्यमापन आधी नीट झालं नाही तर काय होतं, तेही आपण एप्रिल २०२० मध्ये पाहिलं. चीनमधून रक्तातली प्रतिपिंडं शोधणारे झटपट संच आले. (ते पीसीआर नव्हेत, पण विषयाशी संबंध आहे.) राजस्थानने वापरून पाहिले तर अचूकता अवघी ५.४ टक्के निघाली. आयसीएमआरने राज्यांना आधी दोन दिवस थांबायला आणि मग ते संच परत करायला सांगितलं.

गोव्याची गोष्ट मात्र चांगली. वेर्णे येथील मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट नावाचं छोटं यंत्र क्षयरोगासाठी तयार झालं होतं. एका चिपवर तपासणी, बॅटरीवर चालणारं, मोठी प्रयोगशाळा नको. तेच कोरोनासाठी वापरता येईल का, हे पारखून आयसीएमआरने आधी प्राथमिक चाळणीसाठी आणि मे २०२० मध्ये पक्क्या निदानासाठीही त्याला परवानगी दिली. आपल्यासारख्या लहान जिल्ह्यांना असल्या यंत्रांचं मोल जास्त.

कारण आपला हिंगोली जिल्हाच मुळी १ मे १९९९ चा. इथे सुरुवातीला कोरोनाची प्रयोगशाळा कुठली? आपले नमुने बर्फात घालून तेव्हाच्या औरंगाबादला जात, पुढे नांदेडला. मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले हिंगोलीच्या राज्य राखीव दलाचे जवान एकामागून एक पॉझिटिव्ह निघाले, ते एप्रिल-मे २०२० चे दिवस आठवा. अहवाल यायला लागेल तेवढा वेळ अख्ख्या गावाचा श्वास अडकलेला असायचा. पुस्तकात तपासणीला अडीच तास लिहिलेले असतात. आपल्या घड्याळात त्यात बोळा घेणाऱ्याची वाट, गाडीची वाट, रांगेतली वाट आणि अहवाल खाली यायची वाट, एवढं सगळं मिळवायचं. संच कितीही उत्तम असला तरी नाकात बोळा नीट फिरला नाही तर तो काय शोधणार? म्हणून चांगल्या पीसीआरमध्ये विषाणूबरोबर माणसाच्या स्वतःच्या पेशीतलं एक जनुकही शोधतात. तेही सापडलं नाही, तर "विषाणू नाही" असं म्हणायचं नसतं. "नमुनाच नीट नाही, पुन्हा घ्या" असं म्हणायचं असतं. कोरी उत्तरपत्रिका आणि चुकीची उत्तरपत्रिका यांत फरक करावा लागतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं त्याकडे येतो.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. माझे थोरले चुलत भाऊ, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, तालुक्यातल्याच एका खेड्यात राहतात. माझा पुतण्या बाहेरगावच्या कामावरून परत आला, दोन दिवस अंग दुखलं, ताप आला. पोरगा समजूतदार, स्वतःहून एका शिबिरात जाऊन तपासून आला. अँटिजेन तपासणी. निगेटिव्ह. कागद घेऊन घरी आला आणि नेहमीसारखा घरात वावरला. पाचव्या दिवशी वहिनींना ताप, मग अण्णांना. नांदेडला नेईपर्यंत वहिनींचा श्वास फार खाली गेला होता. अण्णा परत आले. वहिनी आल्या नाहीत.

तो पुतण्या अजून मला म्हणतो, "काका, कागदावर निगेटिव्ह लिहिलं होतं हो." दर दिवाळीला म्हणतो. त्याचं जेवणातलं लक्ष उडतं. आणि नात्यातली काही माणसं पाठीमागे काय बोलतात तेही माझ्या कानावर आलेलं आहे.

म्हणून मी त्या निगेटिव्ह शब्दाचा इतिहास शोधायला बसलो.

जून २०२० मध्ये अँटिजेन संचाला पहिली मान्यता मिळाली तेव्हा आयसीएमआर आणि एम्सने केलेल्या मूल्यमापनाचे आकडे त्याच आदेशात छापलेले होते. निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात तो संच ९९.३ ते १०० टक्के बरोबर. पण आजाऱ्याला पकडण्यात ५०.६ ते ८४ टक्के. म्हणजे पॉझिटिव्ह आलं तर ते जवळजवळ नक्की. निगेटिव्ह आलं तर शंभर आजाऱ्यांतले सोळापासून जवळजवळ पन्नासपर्यंत हातून निसटलेले असू शकतात! म्हणून त्याच आदेशात स्पष्ट लिहिलं होतं की लक्षणं असताना अँटिजेन निगेटिव्ह आलं तर आरटीपीसीआर करायलाच हवं. मूल्यमापन करणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. त्यांना त्या संचाची मर्यादा माहीत होती आणि ती त्यांनी लिहून ठेवली होती. ते वाक्य दिल्लीहून निघून आमच्या शिबिरातल्या टेबलापर्यंत पोहोचलं नाही. पोराच्या हातात फक्त एक शब्द पडला.

आणि आरटीपीसीआर केली असती तरी? अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये सात अभ्यासांची माहिती एकत्र करून हिशेब मांडला. लागण झाल्यावर पहिल्या दिवशी तपासणी विषाणू पकडूच शकत नाही. चौथ्या दिवशी शंभरातले ६७ निसटतात. लक्षणं सुरू होतात त्या सुमारास ३८. आणि सगळ्यात चांगल्या दिवशी, म्हणजे आठव्या दिवशी, तरीही २०. संच तोच, प्रयोगशाळा तीच, फक्त दिवस बदलला.

निगेटिव्हचा खरा अर्थ एवढाच, की या दिवशी, या बोळ्यावर, या पद्धतीने पाहिलं तेव्हा सापडला नाही. "रोग नाही" असं त्या कागदावर कधीच लिहिलेलं नव्हतं. आपण सगळ्यांनी ते तसं वाचलं. डॉक्टरांनी, सरपंचांनी, शिक्षकांनी, सगळ्या गावाने. मग एकट्या त्या पोराने वेगळं कसं वाचायचं? त्याने त्याच्या बाजूने जे करायचं ते केलं होतं, तपासून आला होता.

पॉझिटिव्हचंही तसंच. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीच्या शाळा उघडायच्या होत्या तेव्हा शिक्षकांना आरटीपीसीआर सक्तीची झाली. हिशेबापुरतं धरा, हजार शिक्षक आहेत, त्यांत खरे बाधित दहा. संच निरोग्यांमध्ये ९९ टक्के बरोबर. मग ९९० निरोग्यांपैकी दहाएक जण विनाकारण पॉझिटिव्ह ठरणार, आणि खऱ्या दहांपैकी सात-आठ सापडणार. म्हणजे सतरा-अठरा पॉझिटिव्हांत निम्म्याहून जास्त खोटे! आरटीपीसीआर प्रत्यक्षात याहून नेमकी असते, त्यामुळे इतकं वाईट घडत नाही. पण मुद्दा असा की एकच संच तापाने फणफणलेल्या माणसावर वापरला तर एक अर्थ, आणि धडधाकट हजारांवर वापरला तर दुसरा. संचाची परीक्षा प्रयोगशाळेत होते. अहवालाचा अर्थ मात्र ज्या माणसाचा तो अहवाल, त्याच्याकडे पाहून लावायचा असतो.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. २०२० च्या अखेरीस ब्रिटनमध्ये दिसलं की तीन खुणा शोधणाऱ्या एका संचात एक खूण गायब होते आहे. विषाणूने आपल्या मजकुरातली तेवढीच सहा अक्षरं गाळली होती. बाकीच्या दोन खुणा होत्या म्हणून तपासणी वाचली, उलट त्या गायब खुणेवरूनच अल्फा हा नवा प्रकार माग काढत पकडता आला. एकाच खुणेवर भिस्त ठेवली असती तर? म्हणून एकदा उत्तीर्ण झालेला संच कायमचा उत्तीर्ण नसतो, त्याला परत परत परीक्षेला बसवावं लागतं.

आणि तपासणी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते, हे आम्हा कळमनुरीकरांना फार कडू रीतीने कळलं. आपल्या गावचे खासदार राजीव सातव यांनी २२ एप्रिल २०२१ ला स्वतः पॉझिटिव्ह असल्याचं जाहीर केलं. पुण्यात उपचार चालले होते, प्रकृती सुधारत असल्याच्या बातम्या येत होत्या. मग कळलं की सायटोमेगॅलो नावाच्या दुसऱ्याच विषाणूचा संसर्ग झाला आहे. १६ मे रोजी ते गेले. वय अवघं शेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी कळमनुरीत अंत्यसंस्कार झाले. पक्ष कोणताही असो, त्या दिवशी गावात चूल पेटली नाही म्हटलं तरी चालेल. कोरोनाच्या संचाला कोरोना विचारलं तर तो कोरोनाचंच सांगणार. दुसरं काही असेल का, हा प्रश्न माणसालाच सुचावा लागतो.

लांबलं खरं. जाता जाता एक विनंती करतो, इतिहासाचा मास्तर म्हणून. १९१८ च्या साथीत आपल्या घराण्यातली कोण कोण माणसं गेली, हे मी पुष्कळ शोधलं. एक कागद हाती लागला नाही. कुणाला काय झालं होतं, केव्हा झालं, काही नोंद नाही. २०२० आणि २०२१ चे कागद मात्र तुमच्या कपाटांत, मोबाईलमध्ये अजून असतील. ते टाकू नका. नमुना कोणत्या तारखेचा, अहवाल कोणत्या तारखेचा, अँटिजेन की आरटीपीसीआर, सीटी किती, त्या माणसाला ताप केव्हा आला होता, हे सगळं एका वहीत उतरवून ठेवा. निगेटिव्ह अहवालही ठेवा, तेही तितकेच महत्त्वाचे.

आपल्या घराची वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर पुतण्याचा तो कागद चिकटवला आहे, आणि त्याच्याखाली ५०.६ ते ८४ हे आकडे लिहिले आहेत. येत्या दिवाळीला घरी येणाऱ्या सगळ्यांनी ते पान आधी वाचावं, मग फराळाला बसावं.